अणुवाले भाभा सगळ्यांना माहीत, कॉम्प्युटरवाले भाभा किती जणांना?

सातबारा काढायला गेलं की सर्व्हर डाऊन. ई-पीक पाहणी भरायला बसलं की सर्व्हर डाऊन. रेशनच्या दुकानात अंगठा घेत नाही, विचारलं तर कारण तेच. हा शब्द आता गावातल्या आजीलाही पाठ झालाय. पण सर्व्हर म्हणजे नेमकं काय, तो कुठं ठेवलेला असतो आणि त्याच्या पोटात काय असतं, हे कुणी समजावून सांगत नाही. रॅम, प्रोसेसर, स्टोरेज या शब्दांचंही तसंच. मोबाईल घेताना दुकानदार धडाधड आकडे सांगतो आणि आपण मान हलवतो.

या सगळ्या वस्तू आपल्या देशात पहिल्यांदा हाताने जोडून बघितल्या गेल्या त्या मुंबईत, आणि त्यामागे उभा होता डॉ. होमी जहांगीर भाभा हा माणूस. शाळेच्या पुस्तकात भाभा म्हटलं की अणुशक्ती एवढंच येतं. ते खरंच आहे, पण अर्धंच. भारतात तयार झालेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर त्यांच्या संस्थेत बनला.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. पारशी घर, खातंपितं म्हणण्यापेक्षा बडं घर. वडील जहांगीर हे विलायतेत शिकून आलेले वकील, टाटांच्या कंपन्यांशी जवळचा संबंध. आई मेहेरबाई या सर दिनशा पेटिट यांच्या नातीपैकी. पेटिट म्हणजे मुंबईतले जुने गिरणीमालक. परळला जनावरांचं जे मोठं हॉस्पिटल आहे, ज्याला तिकडचे लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, ते याच पेटिट घराण्याच्या देणगीतलं, पेटिटांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचं. होमींच्या आत्याचं नावही मेहेरबाई. त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. या आत्याबाईंचा विषय पुढं परळच्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात पुन्हा येणार आहे, तेव्हा नाव लक्षात ठेवा.

लहानपणी हे पोर झोपतच नसे म्हणतात. आईवडिलांना काळजी वाटली, डॉक्टरांना दाखवलं. काही दुखणं नव्हतं, डोकंच थांबत नव्हतं. घरात पुस्तकं भरपूर, ग्रामोफोनवर पाश्चात्त्य संगीत, शिवाय चित्रकलेचा नाद. दोराबजींच्या घरी जाणंयेणं असायचं आणि तिथं पोलाद, वीज, कारखाने याच्याच गप्पा. कॅथेड्रल शाळा, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं शिक्षण मुंबईतच झालं. १९२७ साली ते केंब्रिजला गेले.

वडिलांचा आणि दोराबजींचा बेत ठरलेला होता. पोराने मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या खुर्चीवर बसायचं. पोराचं मन मात्र भौतिकशास्त्रात अडकलं. त्यानं वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळवलं की साहेबी नोकरी आपल्याला नको, हेच शिकायचंय. वडील चिडले नाहीत, त्यांनी सौदा केला: आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो. १९३० मध्ये इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात झालं, १९३२ मध्ये गणितही पहिल्या वर्गात. बापलेकांतला हा व्यवहार आजही कितीतरी घरांत होतो, शेवट मात्र दर वेळी इतका गोड होत नाही. आणि गंमत अशी की नको असलेलं ते इंजिनिअरिंगच पुढं यंत्रं उभी करताना कामाला आलं असणार.

पुढची काही वर्षं युरोपात नाव झालं. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या विजेचा भाऊ पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळतात तेव्हा काय होतं, याचं गणित भाभांनी मांडलं, आजही ते त्यांच्या नावाने शिकवतात. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवरही काम झालं. १९३९ साली सुट्टीला म्हणून घरी आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला. सर सी. व्ही. रामन यांच्या बंगळूरच्या संस्थेत काम सुरू केलं. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने फेलो म्हणून घेतलं, तेव्हा वय होतं ३१. युद्ध संपल्यावर त्यांना केंब्रिजने हाताला धरून नेलं असतं. पण ते इथंच राहिले.

१२ मार्च १९४४ ला त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मागणी अशी की मूलभूत संशोधनाची एक संस्था काढून द्या. उद्या अणूपासून वीज काढायची वेळ येईल, त्या वेळी माणसं बाहेरून मागवावी लागू नयेत, ती इथंच तयार असावीत. तारीख नीट बघा. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता आणि जपानवर अणुबॉम्ब पडायला सव्वा वर्षाहून जास्त वेळ होता.

ट्रस्टने होकार दिला. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळूरला आणि वर्ष संपायच्या आत मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. बंगला नात्यातल्याच माणसांचा, त्यातला अर्धा भाग संस्थेला. १९४९ मध्ये जागा पुरेना म्हणून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत मुक्काम हलला. जिथं एकेकाळी फक्त गोऱ्या साहेबांना प्रवेश होता, तिथं आता आपली पोरं सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसू लागली.

सोल्डरिंग कशाला? तर विश्वकिरण मोजायला. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, ते मोजायला इलेक्ट्रॉनिक यंत्रं लागतात. तयार यंत्रं परदेशातून आणायची तर परकीय चलन कुठून आणणार? म्हणून संस्थेत स्वतःचीच उपकरणं बनवायचा विभाग होता आणि तो डी. वाय. फडके सांभाळायचे. काउंटर, सर्किट, मीटर, सगळं घरचं. भाभांची रीत ठरलेली होती: बाजारात मिळतं म्हणून विकत घ्यायचं नाही, आधी आपल्याला करता येतं का बघायचं. इमारत आणि खुर्च्या आधी मांडून मग माणसं शोधायची, हेही त्यांना पसंत नव्हतं. योग्य माणूस सापडला की त्याच्याभोवती विभाग उभा करायचा.

असा एक माणूस १९५४ मध्ये आला, रंगास्वामी नरसिंहन. अमेरिकेत शिकून आलेले. संस्थेने ठरवलं की कॉम्प्युटर बनवायचा. हातात होती मोजकी तरुण मंडळी, बहुतेक भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. नरसिंहन सोडले तर त्यांतल्या कुणीही कॉम्प्युटर कधी वापरलेला नव्हता, बनवणं तर दूरच. ट्रॅक्टर न चालवलेल्या पाच-सहा जणांना सांगावं की ट्रॅक्टर तयार करा, तसला हा प्रकार. कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये विलायतेहून तयार यंत्र आणलं. मुंबईकरांनी दुसरी वाट धरली.

दोन वर्षांत, १९५६ साली, छोटं नमुना-यंत्र चालू झालं. त्याच वर्षी ऑगस्टच्या ४ तारखेला तुर्भ्याला अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. अप्सरेचे फोटो छापून आले, पंतप्रधान नेहरूंनी कौतुक केलं. या दुसऱ्या यंत्राची कुणी दखल घेतली नाही. पण पोरांना धीर आला. १९५७ पासून मोठं यंत्र हाती घेतलं आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागलं. १५ जानेवारी १९६२ ला कुलाब्याच्या टोकाला संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन नेहरूंनी केलं आणि त्याच सुमारास या यंत्राला नाव मिळालं, टिफ्रॅक. टीआयएफआरचं स्वयंचलित गणनयंत्र, याचंच ते इंग्रजी आद्याक्षरांतलं रूप.

यंत्राच्या पोटात काय होतं?

टिफ्रॅक समजला की तुमचा मोबाईल समजला. कारण १९६० चं ते धूड आणि आज खिशातला फोन, दोघांचे अवयव तेच आहेत. फक्त आकार बदललाय.

आधी शब्द हार्डवेअर. तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान म्हणजे खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या. कॉम्प्युटरवाल्यांनी शब्द तिथूनच उचललाय. जे हाताला लागतं, पायावर पडलं तर दुखतं, ते हार्डवेअर. त्याला काय करायचं हे सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर, त्या हाताला लागत नाहीत. मोबाईल पडून काच फुटली, हार्डवेअरचं दुखणं. ॲप उघडताच बंद पडतं, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं.

टिफ्रॅकचं हार्डवेअर भरलेलं होतं एका लोखंडी मांडणीत, १८ फूट लांब, ८ फूट उंच, अडीच फूट खोल. दोन्ही बाजूंना दारं, आतलं सर्किट बिघडलं की दार उघडून हात घालायचा. अशा मांडणीला रॅक म्हणतात आणि आजही सर्व्हर ज्या कपाटात बसवतात त्याला रॅकच म्हणतात. शब्द ६० वर्षांत बदलला नाही.

आत सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. जुना रेडिओ ज्यांनी उघडून बघितलाय त्यांना व्हॉल्व्ह माहीत आहे: काचेची छोटी नळी, रेडिओ लावला की हळूहळू लाल होणारी. रेडिओत पाच-सहा असायचे, इथं २७००. शिवाय १७०० डायोड आणि साडेबारा हजार रेझिस्टर. व्हॉल्व्हचं इथलं काम खटक्याचं, म्हणजे दिव्याच्या बटणासारखं. वीज जाते किंवा जात नाही. जाते म्हणजे १, जात नाही म्हणजे ०. कॉम्प्युटरला येणारी बाराखडी एवढीच. अशा एका हो-नाहीला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाईट. मोबाईलच्या डब्यावरचे केबी, एमबी, जीबी हे सगळे बाईटचेच मापं, शेर-पायली-मणासारखे.

खटके एकमेकांना अशा रीतीने जोडायचे की बेरीज होईल, तुलना होईल, पुढची सूचना कोणती ते ठरेल. हे करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. व्हॉल्व्हच्या जागी पुढं ट्रान्झिस्टर आला, मग एका नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसू लागले. आज फोनमध्ये जो प्रोसेसर आहे तो म्हणजे खटक्यांची तीच गर्दी. व्हॉल्व्ह तापायचे, फुटायचे, एक गेला की सगळं गणित चुकायचं. म्हणून यंत्राला गारवा लागे. फोन जास्त वेळ गेम खेळला की तापतो, त्याचं कारणही वेगळं नाही.

सगळ्यात नाजूक भाग स्मृतीचा, ज्याला दुकानदार रॅम म्हणतो. काम करताना आकडे जिथं तात्पुरते मांडून ठेवायचे ती जागा. सोनाराचा पाट समजा: तिजोरी वेगळी, पण ज्या दागिन्यावर काम चाललंय तो पाटावर. तिजोरी म्हणजे स्टोरेज, पाट म्हणजे रॅम. पाट छोटा असला की सोनाराला पुन्हा पुन्हा तिजोरीकडं उठावं लागतं, म्हणून कमी रॅमचा फोन अडकतो. स्टोरेज भरलं म्हणून फोटो पुसायचे आणि रॅम कमी पडली म्हणून उघडी ॲप बंद करायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यात पुष्कळांची गल्लत होते.

टिफ्रॅकची स्मृती बनली होती फेराइट नावाच्या पदार्थाच्या बारीक कड्यांची. पोतीतल्या काळ्या मण्यासारखी कडी, तिच्यातून हलक्या तारा ओवलेल्या. त्या काळी जगभर असल्या जाळ्या हातानेच ओवत, नजर तीक्ष्ण आणि बोटं बारीक लागत. तारेतून वीज एका दिशेने सोडली की कडीचं चुंबकत्व एकीकडं वळतं, उलट सोडली की दुसरीकडं. एकीकडं १, दुसरीकडं ०. एक कडी, एक बिट. टिफ्रॅकच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावायचे, म्हणजे जवळजवळ ८२ हजार कड्या.

आता हिशेब करू. ८२ हजार बिट म्हणजे १० हजारांच्या वर थोडे बाईट, म्हणजे १० केबी. सकाळी ग्रुपवर फुलाचं चित्र टाकून सुप्रभात पाठवतात, ते एक चित्रच सहज १०० केबीचं असतं. देशातल्या पहिल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या स्मृतीत त्या फुलाची एक पाकळीसुद्धा धड मावली नसती. ४ जीबी रॅमचा फोन ज्याच्या खिशात आहे, त्याच्याकडं टिफ्रॅकच्या चार लाख पटीहून जास्त स्मृती आहे. एका बाबतीत मात्र जुनं सरस होतं. वीज गेली तरी कड्यांचं चुंबकत्व टिकायचं. आजची रॅम वीज गेली की सगळं विसरते, म्हणून तर लिहिलेलं सेव्ह करायला सांगतात.

उरलं आत घालणं आणि बाहेर काढणं, इनपुट आणि आउटपुट. टिफ्रॅकला आकडे द्यायचे तर कागदी पट्टीला भोकं पाडून. येवल्याकडं जॅकार्डच्या मागावर भोकांची कार्डं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे नवल वाटणार नाही. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली, कपड्यावर नक्षी उतरते. विचार तोच. उत्तर टाइपरायटरसारख्या यंत्रावर छापून यायचं. आणि टीव्हीसारख्या पडद्यावर आलेख दाखवायची सोयही या मंडळींनी टिफ्रॅकला करून दिली होती, जी त्या काळात परदेशातही सर्रास नव्हती.

जन्मतानाच जुनं झालेलं यंत्र

इथं खरं सांगायला हवं. टिफ्रॅक तयार होईपर्यंत जग पुढं गेलं होतं. परदेशात व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टरचे कॉम्प्युटर विकायला आले होते. तांत्रिकदृष्ट्या बघायचं तर १९६० साली आपण कालची वस्तू तयार केली. वापरायला संस्थेतले आणि अणुशक्तीकडचे शास्त्रज्ञ तुटून पडले आणि थोड्याच काळात ती पुरेना. मग भाभांनीच अमेरिकेतल्या कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा मोठा, महाग कॉम्प्युटर मिळवला. १९६४ मध्ये तो कुलाब्यात बसला आणि टिफ्रॅक मागं पडला.

मग एवढा खटाटोप फुकट गेला का? तेव्हाही काहींना तसं वाटलं असेल. शेवटी विकतच घ्यायचं होतं तर आधीच घ्यायचं. पण नवं यंत्र आलं त्या दिवशी ते उघडून समजून घेणारी, दुरुस्त करणारी, त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारी माणसं संस्थेत तयार होती. ती तयार झाली ती टिफ्रॅकवर हात काळे करून. विहिरीवरची मोटर जळली की तालुक्याच्या वायंडरची वाट बघत बसणारा शेतकरी आणि स्वतः उघडून बघणारा शेतकरी, दोघांकडं मोटर एकाच कंपनीची असली तरी पीक कुणाचं वाचतं ते वेगळं सांगायला नको. भाभांना यंत्रापेक्षा हे दुसऱ्या जातीचं माणूस हवं होतं असं त्यांच्या कामाकडं पाहून वाटतं. मात्र हट्टाला पेटून जुनंच चालवत बसले नाहीत, गरज पडली तेव्हा विकत घेतलं, हेही त्यांच्या हिशेबात जमा करायला हवं.

सीडीसी ३६०० एकट्या टीआयएफआरचा राहिला नाही. देशभरातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था आपली गणितं त्यावर सोडवून घेऊ लागल्या. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन माणसं मुंबईला यायची. एक ताकदवान यंत्र मध्ये आणि भोवती अनेक गरजू, ही मांडणी आजच्या सर्व्हरच्या फार जवळची. फरक इतकाच की तेव्हा गठ्ठा रेल्वेने यायचा, आता निरोप तारेतून जातो.

सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. तुमचा फोन पानावर बसलेला, तो मागतो, सर्व्हर आणून वाढतो. सातबारा तुमच्या फोनमध्ये नसतो, तलाठ्याच्या कॉम्प्युटरमध्येही नसतो. तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर असतो आणि मागितल्यावर येतो. त्याच्या पोटातही प्रोसेसर, रॅम आणि डिस्क हेच असतं, पण जरा दणकट. वीज द्यायला दोन-दोन पॉवर सप्लाय, एक गेला तर दुसरा तयार. डिस्क जळाली तर यंत्र चालू असतानाच काढून नवी घालता येते आणि तीच माहिती दुसऱ्या डिस्कवर आधीच उतरवलेली असते. खोलीला चोवीस तास एसी, बाहेर जनरेटर. एवढं असूनही डाऊन का होतो? कधी हजार पानांच्या पंगतीला दोनच वाढपी असतात, सगळ्यांनी शेवटच्या तारखेलाच अर्ज भरायला घेतला की हेच होतं. आणि कधी वाढपी ठीक असतो, वाटच बंद असते: केबल तुटलेली, टॉवरला वीज नाही. दोष कुणाचा हे गावात बसून कळत नाही, म्हणून सरसकट सगळं सर्व्हरच्या माथी मारतात.

परळचं हॉस्पिटल आणि शेवटची वर्षं

आत्या मेहेरबाईंचं १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. ते दुःख टाटांच्या घरात राहिलं आणि दोराबजींच्या ट्रस्टमधून परळला १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. आपल्याकडचे कितीतरी रुग्ण एसटीने, रेल्वेने तिथं जातात, नातेवाईक परळ-दादरच्या धर्मशाळांत राहतात. हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याखाली आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. १९६२ मध्ये ते या खात्याकडं आलं, भाभा तेव्हा खात्याचे प्रमुख होते. किरणांचा उपयोग बॉम्बापेक्षा आजारासाठी आणि शेतीसाठी व्हावा ही त्यांची धारणा होती, आणि १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततेसाठीच्या वापरावर जी जागतिक परिषद झाली तिचे अध्यक्षही तेच होते.

एवढ्या व्यापात लग्न केलं नाही. चित्रं काढायचे, संगीत ऐकायचे. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी आपल्या देशातल्या चित्रकारांची चित्रं विकत घेऊन लावली. बांधकामाच्या आड झाड आलं तर तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडं लावायचं, असा दंडक.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारने देशाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये स्वतःच्या पायावर उभं करायचा आराखडा मागितला. १९६३ मध्ये समिती नेमली, अध्यक्ष भाभा. रेडिओच्या सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत काय काय, किती लागेल, कुठं बनेल, याचा हिशेब त्यांनी मांडायला घेतला. तो अहवाल छापून आला १९६६ मध्ये, पण तेव्हा भाभा नव्हते.

२४ जानेवारी १९६६. व्हिएन्नाला अणुशक्ती संस्थेच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग विमानात होते. जिनिव्हाला उतरायच्या आधी ते विमान आल्प्समधल्या मों ब्लां डोंगरावर आदळलं. ११७ जण होते, एकही वाचला नाही. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. शास्त्रीजींना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते.

या अपघातावर व्हॉट्सॲपवर नाना कथा फिरतात, परदेशी हेरांनी घडवून आणलं इथपर्यंत. चौकशीत निघालं ते साधं आणि म्हणूनच जास्त बोचणारं आहे. विमानाची दिशा दाखवणाऱ्या दोन रेडिओ उपकरणांपैकी एक बैरूतहून निघतानाच बंद होतं. खालून रडारवाल्याने सांगितलेलं अंतर आणि वैमानिकाला समजलेलं अंतर यांत गफलत झाली, डोंगर मागं पडला असं समजून विमान खाली आणलं गेलं. आयुष्यभर ज्याने उपकरणं घरी बनवून, उघडून, तपासून वापरायचा आग्रह धरला, त्याच्या विमानातलं एक उपकरण नादुरुस्त होतं.

पुढच्या वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, तुर्भ्याच्या अणुकेंद्राला भाभांचं नाव दिलं. त्याच वर्षी तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या मंडळींनी हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी केली आणि १९६९ मध्ये तिथून टीडीसी १२ हा देशी कॉम्प्युटर बाहेर पडला. तोवर व्हॉल्व्हचे दिवस सरले होते. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम हा महासंगणक केला. इकडं गिरगावच्या शेजारी लॅमिंग्टन रोडला रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती, तिथं हळूहळू रॅम आणि मदरबोर्ड दिसू लागले. गावाकडचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले आजही माल आणायला तिथंच जातात.

नरसिंहन आणि त्यांची माणसं मात्र कामाला लागलेलीच होती. टीआयएफआरच्या कॉम्प्युटर विभागातूनच वाढत जाऊन १९८५ मध्ये जुहूला सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र झालं, जे पुढं सी-डॅकमध्ये मिसळलं. अक्षरांचे मोठे जाणकार र. कृ. जोशी उतारवयात याच केंद्रात भारतीय लिप्यांच्या फॉन्टचं काम करत होते. विंडोजमध्ये मराठी टाइप करताना जो मंगल फॉन्ट येतो, ग्रामपंचायतीच्या नोटिशीपासून तहसीलच्या पत्रापर्यंत ज्यात छापलेलं असतं, त्याची अक्षरं जोशींनी घडवलेली आहेत.